कोणतं शून्य?

आमच्या घरात उन्हाळा संक्रांतीलाच सुरू व्हायचा. बाकीचं गाव अजून स्वेटर घालून हिंडत असायचं आणि आमच्या गल्लीत जस्ती पत्र्यावर लाकडी मोगरीचे ठोके पडायला लागलेले असायचे. महाल या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत बाबांचं कूलरचं दुकान होतं. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या घर, आणि मध्ये दाराऐवजी पडदा. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिबिटा मारायच्या, तीन बाजूंच्या जाळ्यांत गवत भरायचं, खाली पाण्याचा पंप आणि पुढे पंखा बसवायचा. मृग लागेपर्यंत हेच. मृग लागला की त्याच पत्र्याच्या धान्याच्या कोठ्या आणि लग्नात द्यायच्या पेट्या. ओल्या गवताचा वास, कापलेल्या पत्र्याचा वास आणि आईच्या फोडणीचा वास आमच्याकडे एकत्रच नांदत होते. ते वेगळे असतात हे मला लग्नानंतर कळलं. पडद्यामागे अभ्यास करताना ठोक्यांवरून मला ओळखू यायचं, कोण काम करतंय. बाबांचा ठोका घड्याळासारखा. दादाचा मात्र रंगात आला की बँडच्या ठेक्यावर जायचा, आणि मग बाबांचा आवाज यायचा, "पत्रा ठोकून राहिला का वरात काढून राहिला गा?"

दादा म्हणजे प्रमोद, माझा मोठा भाऊ. दहावीनंतर त्याने शाळेला रामराम ठोकला आणि बाबांच्या हाताखाली लागला. उंच, चालताना खांदे जरा पुढे काढणारा, आणि डाव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याचा पांढरा व्रण. पत्र्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर असा एखादा व्रण असतोच. बाबांच्या हातांवर तर नव्या व्रणाला जागा उरली नव्हती. जेवणात दादाचं एकच वेड होतं, तेल-तिखट. वाटीत लाल तिखटाची लहानशी ढिगली, मध्ये बोटाने खड्डा, त्यात जवसाचं कच्चं तेल. पोळी असो, भाकर असो, वडाभात असो, त्याची वाटी लागायचीच. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे पित्तर घालायचे, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने वडे, कढी, लाल भोपळ्याची भाजी आणि खीर करून आधी कावळ्याला पान ठेवायचं आणि मग आपण जेवायचं. त्या पानात तेल-तिखट नसतं. पण दादा त्या वड्यांबरोबरही तेच मागायचा. आई म्हणायची, आजच्या दिवस कढीसंगं खा. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "कढी पित्तराइले दे. मी तं जित्ता हाय."

एका नवरात्रात तो मित्रांबरोबर कोराडीच्या जत्रेला गेला आणि उजव्या हातावर, मनगटाच्या वर, 'आई' असं हिरवं गोंदवून आला. हात सुजला होता. आईला आधी रागच आला. गोंदण बायांचं असतं, पुरुषांनी मशीनखाली हात द्यायचं कामच काय, असं पुटपुटत तिने हळद लावली, आणि हळद लावता लावता तिचा हात जरा जास्तच वेळ तिथे रेंगाळला. बाबा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "बाप लिहाले जागा पुरली नाही का गा?" दादा म्हणाला, डावा हात तुमच्यासाठीच रिकामा ठेवला आहे. बाबांना हसू आलेलं दाखवायचं नव्हतं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. आमच्या घरातलं प्रेम हे असं होतं, पेल्याच्या आडून.

मी यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही, यावर माझी मुलगी मैत्रिणींमध्ये विनोद करते. ती सवय दुकानातली. जाळ्या किती, पंप किती, गवताचे गठ्ठे किती, हे भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं काम माझं होतं आणि ते मला मनापासून आवडायचं. लिहिलेलं असलं की वस्तू हरवत नाही, असं मला तेव्हा वाटत असे.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, त्या उन्हाळ्यात काम भरपूर होतं. बाबा आणि दादा दोघेही दिवसभर कामात बुडालेले. सक्करदऱ्याकडच्या एका घरी गेलेल्या आमच्या कूलरमध्ये करंट उतरला. तिथल्या म्हाताऱ्या बाई टाकीत पाणी टाकायला गेल्या आणि त्यांना झटका बसला. त्या वाचल्या, पण त्यांचा मुलगा आमच्या दुकानासमोर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेला. तो पंप कोणी बसवला होता, वायरचं काम कोणी केलं होतं, हे त्या गर्दीच्या दिवसांत सांगता येण्यासारखं नव्हतं. दोघांनी मिळूनच कूलर काढले होते. पण गल्ली जमली होती, कोणावर तरी ओरडणं भाग होतं, आणि बाबांच्या समोर दादा उभा होता. बाबा म्हणाले, "तुह्या हातानं माणूस मरन एखादं. माह्या दुकानात पाय नको ठेवू."

दादाने हातातली जाळी बांधून पूर्ण केली, आत आला, हात धुतले, माठातलं पाणी प्यायला. आईने विचारलं, जेवतो का. तो म्हणाला, आलोच. मग चपला घातल्या आणि भर दुपारी, गल्लीतली कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, तो गेला. आईला वाटलं, कामठीला मित्राकडे गेला असेल, राग उतरला की येईल. तिने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं, वाटीसकट. तो कामठीला गेला नव्हता.

शोधाशोध कशी करतात ते ज्यांच्या घरात असं झालं आहे त्यांना माहीत असतं, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. पोलीस ठाण्यात नोंद केली. नातेवाईक झाले, मित्र झाले. बुटीबोरीच्या कारखान्यांत बाहेरून आलेली पुष्कळ पोरं असतात म्हणून बाबा एकेका फाटकावर फोटो घेऊन उभे राहिले. पाऊस आला, कोठ्यांचे दिवस आले. गल्लीत आता एकाच माणसाचे ठोके ऐकू यायचे. पुढच्या हंगामापासून बाबांनी एक नवीन रीत सुरू केली: कूलर दुकानातून बाहेर पडायच्या आधी ते तो पाणी भरून चालवायचे आणि चारही बाजूंच्या पत्र्याला आपला उघडा हात, पालथा, टेकवायचे. मग म्हणायचे, ने.

बारावी झाल्यावर मी गांधीगेटजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. खाली कापडाचं दुकान, वर क्लास. देवघरे सर म्हणून एक सडपातळ, सतत सुपारी चघळणारे गृहस्थ तो चालवायचे. माउसने माणूस आळशी होतो असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून कोपऱ्यातल्या एका मशीनवर त्यांनी नुसता काळा पडदा ठेवला होता, चित्रं नाहीत, बटणं नाहीत, हुकूम टाइप करायचा आणि उत्तर घ्यायचं. त्यावर त्यांनी मला ग्रेप नावाचा शोधायचा हुकूम शिकवला. ग्रेप लिहायचं, पुढे हवा तो शब्द, पुढे फाइलचं नाव. फाइल उघडायची गरजच नाही. हजारो ओळींच्या ढिगातून तो शब्द ज्या ज्या ओळीत असेल तेवढ्या ओळी ते पुढ्यात आणून टाकतं. शब्द नसला तर काहीच बोलत नाही. 'सापडलं नाही' एवढंसुद्धा म्हणत नाही. खालच्या ओळीवर येऊन चौकोन लुकलुकत राहतो. सरांनी आणखी एक युक्ती सांगितली, की ओळी नको असतील आणि फक्त किती आहेत एवढंच हवं असेल तर मध्ये एक अक्षर टाकायचं, मग ते आकडा देतं. नसेल तर शून्य देतं.

आज मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. हे काम मी दिवसभर करते, पोळी लाटताना जसा हाताकडे विचार जात नाही तसं. पण तेव्हा त्या कोपऱ्यात बसून मला एकच गोष्ट सुचली. मी सरांना विचारलं, यात माणूस शोधता येतो का. सरांनी सुपारी चघळायची थांबवली. आमच्या घरचं त्यांना ठाऊक होतं. महालात सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. म्हणाले, यादीत असेल तर येतो.

मग आम्ही याद्या जमवायला लागलो. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून, कुरकुरत यायचं. एक पान उतरायला लागायचा तेवढ्या वेळात सरांची एक सुपारी संपायची. मतदारांच्या याद्या, भरतीच्या याद्या, निवड झालेल्यांच्या याद्या, जिथे जिथे लोकांची नावं उघड लावलेली असतात ते सगळं मी उतरवून, साध्या मजकुराच्या फाइली करून, एका फोल्डरमध्ये ठेवत गेले. आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसऱ्या याद्या. कुठे रुळांजवळ, कुठे धर्मशाळेत, कुठे रस्त्याच्या कडेला सापडलेल्या आणि कोणी न्यायला न आलेल्या माणसांच्या याद्या पोलिसांकडून लावल्या जातात. त्या इंग्रजी अक्षरांत असायच्या. पहिल्या फोल्डरला मी नाव दिलं 'एक' आणि दुसऱ्याला 'दोन'. दुसरी नावं सुचत होती, पण ती लिहायची नव्हती.

शनिवारी दुपारी क्लास रिकामा असायचा. एका शनिवारी आई डबा घेऊन आली. डब्याचं निमित्त होतं. जिना चढून आलेली, पदराने कपाळ पुसत ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, दाखव मले कसं शोधते ते. मी दादाचं नाव टाकलं, बाबांचं नाव टाकलं, आडनाव टाकलं, आणि सगळ्या ओळी कशा गाळल्या जातात ते तिला समजावून सांगितलं. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आपण खडे फेकून तांदूळ ठेवतो. हे तं तांदूळ फेकून खडा ठेवून राहिलं वं." देवघरे सर पलीकडून म्हणाले, काकू, इतकं सोपं करून मला आजवर शिकवता आलं नाही. आईने लाजून त्यांच्यापुढेही डबा सरकवला.

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शून्य कळत होतं. म्हणून मी आकडाच मागायची. आधी फोल्डर एक, मग फोल्डर दोन. पडद्यावर शून्य आलं की ती विचारायची, "कोणतं शून्य?"

कारण दोन्ही शून्यं दिसायला सारखी होती. एकातलं शून्य म्हणजे तो कुठे नाही; ते आलं की तिचा चेहरा उतरायचा. दोनमधलं शून्य म्हणजे तो तिथे नाही; ते आलं की ती पदर सारखा करायची, डब्याचं झाकण लावायची आणि म्हणायची, चाल, घरी जाऊ, भाजी घ्याची हाय. आठवड्याचं बळ तिला त्या दुसऱ्या शून्यातून मिळायचं. घरी आल्यावर ती पडदा बाजूला करून बाबांना सांगायची, नाही हाय त्याच्यात. बाबा मान हलवायचे आणि ठोकायला लागायचे. मला वाटतं त्या काळात आमचं घर त्याच एका शून्यावर उभं होतं.

असे पुष्कळ शनिवार गेले. भाद्रपदातली एक दुपार होती, ऊन परत तापलेलं, खाली कापडाच्या दुकानात गौरीच्या साड्यांचे उरलेले ढीग आवरत होते. फोल्डर दोनमध्ये शून्य आलं. आई उठली नाही. म्हणाली, "याच्यात हायेत तरी कोण? वाच ना एखादं."

मी इतके दिवस त्यातली एकही फाइल उघडून वाचली नव्हती. ग्रेपला फाइल उघडावी लागत नाही, हाच तर त्याचा गुण. मी एक उघडली आणि वाचायला लागले. नावाच्या रकान्यात: अनोळखी. पुढची ओळ. नाव: अनोळखी. पुढची. अनोळखी. मी वाचायची थांबले. सर पलीकडच्या मशीनवर काहीतरी करत होते, त्यांचेही हात थांबले. नाव माहीत असतं तर ती माणसं या यादीत आलीच नसती. बिननावाच्या माणसांमध्ये आम्ही शनिवारमागून शनिवार एक नाव शोधत होतो, आणि आकडा शून्य येतो म्हणून भाजी घेऊन घरी जात होतो. हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या नाही, कोणाच्याच नाही. आपल्या माणसाला शोधताना आधी त्याचं नावच तोंडात येतं.

आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने नुसतं आपल्या उजव्या मनगटाच्या वर बोट ठेवलं. "मंग हे शोध."

मी इंग्रजी अक्षरांत 'आई' टाइप केलं. घाईत आकडा मागायचं अक्षर टाकायचं राहिलं. मला वाटलं होतं एक ओळ येईल किंवा काही येणार नाही. पडदा भरला. भरून वर सरकला, परत भरला, आणि ओळी धावत राहिल्या. उजव्या हातावर 'आई'. डाव्या दंडावर 'आई'. छातीवर 'आई'. हातावर 'आई' आणि शेजारी बदाम. कोराडीच्या जत्रेत, रामटेकच्या जत्रेत, आणखी कुठल्या कुठल्या जत्रांत, मशीनखाली हात धरून बसलेली सगळी पोरं तिथे होती.

आईने विचारलं, एवढ्या ओळी कशाच्या. मी सांगितलं. ती स्टूल ओढून जवळ आली आणि म्हणाली, "सगळ्या वाच."

मी वाचल्या. वय, उंची, कपडे, खूण, कुठे सापडला. प्रत्येक ओळीनंतर ती क्षणभर थांबायची, जणू त्या पोराला समोर उभं करून बघते आहे, आणि मग म्हणायची, नाही. हा बुटका हाय. नाही. तो बदाम नसता काढला त्यानं. नाही, त्याचे केस असे नाहीत. तिच्या आवाजात सुटका नव्हती. प्रत्येकाला ती नीट, मायेने नाही म्हणत होती, कोणाचं तरी लेकरू दारातून परत पाठवावं तसं. आणि मग एक ओळ आली. वय जुळत होतं. उंची जुळत होती. उजवा हात, मनगटाच्या वर. निळा शर्ट. दूरच्या एका स्टेशनाजवळ, रुळांच्या कडेला. आई म्हणाली, परत वाच. मी परत वाचली. ती म्हणाली, "अंगठ्याचं लिवलं हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग नाही," ती म्हणाली. "पुढं वाच."

पोलीस प्रत्येक व्रण लिहीत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुढे वाचलं. पण ती ओळ मी एका चिठ्ठीवर उतरवून घेतली आणि घरी आल्यावर आई आत गेलेली पाहून बाबांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. हंगाम नसला तरी आमचं दुकान बंद राहत नसे. बाबा दादाचा फोटो खिशात घालून त्या गावाला गेले. त्यांनी आईला सांगितलं कुठे जातो ते; आमच्या घरात लपवाछपवी चालत नव्हती, जागाच नव्हती. ते दोन दिवसांनी परत आले तेव्हा दुपार होती. चपला दाराशी काढल्या, पाटावर बसले. आईने पाणी दिलं आणि उभी राहिली. ते पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. म्हणाले, "फोटो पाहिला पोलिसाइनं ठेवलेला. नव्हता."

"बरोबर पाहिलं ना?"

"नव्हता म्हटलं ना."

आईने डोळे मिटून हात जोडले आणि आत गेली. बाबा दुकानात गेले आणि पत्रा कापायला घेतला. संध्याकाळपर्यंत ते एक कोठी ठोकत होते, कोणीही न सांगितलेली, आमच्या घरात मावणार नाही एवढी मोठी. त्यांचा ठोका चुकत होता. मी पडद्यामागे ऐकत होते. त्यांचा ठोका चुकताना मी पहिल्यांदा ऐकला.

मग सर्वपित्री अमावास्या आली. आईने नेहमीसारखं सगळं केलं, आजोबांच्या नावाचं पान वाढलं, आणि त्याच्या शेजारी आणखी एक पान मांडलं. त्यावरही वडे, कढी, भोपळ्याची भाजी, खीर. बाबांनी विचारलं, हे कोणाचं. आई म्हणाली, "त्या यादीतल्या पोराइचं. त्याइच्या आयाइले मालूम नाही ना अजून. त्या कशा ठेवतीन पान?"

बाबा त्या पानाकडे बघत राहिले. मी शिडी धरून उभी होते, कारण पान छपरावर ठेवायचं असायचं. बाबा आत गेले. फळीवरून तिखटाचा डबा काढल्याचा, बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते परत आले, पानाशी वाकले, वड्यांच्या बाजूला लाल तिखटाची लहानशी ढिगली ठेवली, बोटाने मध्ये खड्डा केला आणि त्यात जवसाचं तेल ओतलं. अगदी सावकाश, एक थेंब इकडे तिकडे जाऊ न देता.

त्या क्षणी मला कळलं, की त्या गावी बाबांनी फोटोत काय पाहिलं होतं. किंवा काय पाहिलं असं त्यांना वाटलं होतं. आणि हे आईलाही कळलं, कारण ती जागच्या जागी खाली बसली. मग तिने एक वाटी घेतली, बोटांनी ती ढिगली पानावरून अलगद उचलून वाटीत काढली, आणि पानावर उरलेला तेलाचा डाग पदराच्या टोकाने पुसला.

"तुमीच सांगतलं ना," ती म्हणाली, "नव्हता म्हणून."

बाबांनी मान हलवली, हो म्हणून, दोनदा, आणि दोन्ही पानं घेऊन शिडी चढून गेले. आई वाटी घेऊन आत गेली. तिने ती फळीवर ठेवली आणि वर झाकण ठेवलं. वर छपरावर कावळे आले. पत्र्यावर त्यांच्या नखांचे आवाज होत होते. बाबा लवकर खाली उतरले नाहीत.

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात परत कधी बोलणं झालं नाही. बाबा गेले तेव्हा, अगदी शेवटच्या दिवसांतही, मी त्यांना विचारलं नाही. सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि त्यांनी एकदा जे सांगितलं होतं त्यावर आई जगत होती. आई शनिवारी क्लासला येत राहिली, पुढे मला नोकरी लागली, घरी कॉम्प्युटर आला, तेव्हाही शनिवारी दुपारी माझ्याजवळ येऊन बसायची. पण त्या अमावास्येनंतर तिने मला फक्त पहिल्या फोल्डरचं विचारलं. 'कोणतं शून्य?' हा प्रश्न संपला. दरवर्षी पित्तरांना ती ते दुसरं पान ठेवायची आणि दरवर्षी आत, फळीवर, वाटी भरून झाकून ठेवायची. दोन्ही कामं ती एकाच दिवशी, एकाच हाताने करायची आणि त्यांच्यात काही विसंगती आहे असं तिला कधी वाटलं नाही. मला वाटायची, तरुण होते तोवर.

आई मागच्या हिवाळ्यात गेली. त्यामुळे यंदाचे पित्तर माझ्याकडे आले, आणि आजीच्या, आजोबांच्या, बाबांच्या पानांबरोबर आईचंही पान. मी आठवडाभर आधीच यादी करून फ्रिजवर लावली: उडीद डाळ, ताक, लाल भोपळा, तांदूळ, वेलची, केळीची पानं. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. सकाळी वडे तळायला घेण्याआधी मी लॅपटॉप उघडला. शनिवार नव्हता, पण उघडला. फोल्डर एक अजून आहे, इतक्या वर्षांत तो केवढा तरी वाढला आहे. नाव टाकलं. शून्य आलं. फोल्डर दोनवर काही चालवलं नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. लॅपटॉप मिटून मी कढईखाली गॅस लावला.

पानं वाढून झाली. आईच्या पानाशेजारी मी तिच्यासारखंच एक जास्तीचं पान मांडलं, त्या पोरांचं. मग तिखटाचा डबा हातात घेतला आणि काही वेळ तशीच उभी राहिले. पान समोर होतं. वड्यांच्या बाजूला तेवढी जागाही होती. आता कोणी ती ढिगली उचलून काढणारं नव्हतं, आणि बाबांनी आईला सांगितलेलं मोडेल असंही आता नव्हतं.

मी फळीवरून वाटी काढली. तिखट घातलं, बोटाने खड्डा केला, तेल ओतलं.

माझी मुलगी पानं गॅलरीत न्यायला आली होती. तिने वाटीकडे बघून विचारलं, ही कोणत्या पानात ठेवायची.

"पानात नाही," मी म्हटलं. "आत राहू दे. तुझ्या मामाला वड्यांबरोबर लागतं."

ती झाकण शोधायला गेली.